तिसऱ्या मजल्यावरून सोडलेली वायर

प्रिय प्रिती,

फोनवर आपण दोघी एकमेकींना जेवलीस का विचारतो आणि ठेवून देतो. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं. घाबरू नकोस, सगळं ठीक आहे. अण्णांचे गुडघे कुरकुरतात, पण स्वतः अण्णांपेक्षा कमीच. तू माहेरी शीव कोळीवाड्याला गेल्यापासून त्यांना माझ्या हातच्या चहात साखर कमी लागते. साखर तेवढीच आहे.

बातमी अशी की आपल्या चाळीत आता वायरी बंद होणार. गेल्या दोन वर्षांत बॅटरीच्या स्कूटर इतक्या आल्या, की पूर्वी आपण भाजीसाठी टोपली सोडायचो तशी प्रत्येक गॅलरीतून एकेक वायर खाली सोडलेली. पहिल्या मजल्यावरच्या वायरीतून परवा ठिणगी उडाली आणि कमिटीची झोप उडाली. आता खाली भिंतीला चार्जिंगचे पॉइंट लागणार आहेत, पण जी गाडी रोज चालते तिलाच जागा. बाकीच्यांनी आपापली गाडी हलवायची. सेक्रेटरी रमाकांत दारात उभा राहिला, चप्पल काढू की नको करत. म्हणाला, काकू, पुष्करच्या गाडीचं काय ते रविवारपर्यंत सांगा, घाई नाही. रविवारपर्यंत सांगायचं आणि घाई नाही! चांगला आहे गं तो, त्याला विचारवत नव्हतं.

तुला वाटलं असेल, पुष्कर गेल्यापासून गाडी नुसती उभी आहे. तशी उभीच आहे. पण पेट्रोलची असती तर झाकून ठेवली असती आणि विसरले असते. ही तशी नाही. तोच सांगायचा, बॅटरी रिकामी ठेवून दिली की मरते. म्हणून दर गुरुवारी मी वायर खाली सोडते, अण्णा खाली जाऊन लावतात आणि वर बघून हात करतात, मग मी ओट्याजवळचं बटण दाबते. पुष्कर खालून ‘आई, बटण!’ म्हणून ओरडायचा, अख्ख्या चाळीला कळायचं. अण्णांना ओरडवत नाही. गाडी लावलेली असताना मिक्सर चालवला की फ्यूज जातो, त्यामुळे गुरुवारची चटणी मी आधीच वाटून ठेवते. कशासाठी हे सगळं, असं अण्णांनी एकदाही विचारलं नाही.

गंमत बघ, करी रोडच्या त्या टॉवरांमध्ये गाडीगणिक चार्जिंगचे पॉइंट पुष्करने बसवले आणि स्वतःच्या घरी मात्र वायर गॅलरीतून. मी चिडवायची त्याला. तो म्हणायचा, आई, दहा वर्षं थांब, पेट्रोलपंप शोधत फिरतील लोक; भारतमाता टॉकीजच्या सिग्नलला तू हळू बोललीस तरी मला ऐकू येईल. मी म्हणायची, आवाज नाही ती कसली गाडी, शिलाईमशीनसुद्धा हिच्यापेक्षा जास्त बोलते. परवा परळला रस्ता ओलांडत होते, तर पाठीशी बस येऊन उभी राहिली तरी मला कळलं नाही. ड्रायव्हरने भोंगा दिला तेव्हा उडाले. विजेवरची होती. म्हणजे तो म्हणत होता ते व्हायला लागलंय. तो नसताना होतंय. मला त्याचा आनंद झाला नाही, रागही आला नाही. कोथिंबीर घ्यायची होती, ती घेतली आणि घरी आले.

असंच चाललंय माझं. तो डेंग्यूने गेला तेव्हा तू रडलीस, अण्णा रडले, रमाकांतसुद्धा जिन्यात रडला. मी आल्यागेल्याला पाणी देत होते. लोक म्हणाले, कांताताई खंबीर. खंबीर कसली! हात भाजला तरी उशिरा कळतं मला आजकाल.

दसऱ्याचं सांगायचं राहिलं. गेल्या वर्षी सण नव्हता, म्हणून गाडीची पूजा झाली नव्हती. यंदा वर्षश्राद्ध उरकलं होतं, तर अण्णा सकाळी दादरहून झेंडूचा हार घेऊन आले. मी हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबावरून गाडी पुढे घ्यायची म्हणून अण्णांनी चावी फिरवली. आवाज नाही. त्यांना वाटलं, सुरूच झाली नाही, म्हणून शेजारी उभं राहूनच मूठ पिरगळली करकचून. मग काय, हारासकट गाडी सुटली, मागून अण्णा एका चपलेवर लोंबकळत, आणि गेली थेट रमाकांतच्या आपट्याच्या पानांच्या ढिगात. कुणाला लागलं नाही. अण्णा उठून ओरडतायत, ‘गे, बंद होती मा ती, मगे धावली कशी?’ अख्खी चाळ हसत होती. अण्णाही हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हसता हसता त्यांचं रडू कधी झालं ते कळलं नाही. मी बघत होते. मला काही झालं नाही. लिंबू चिरडलं होतं, ते उचललं आणि वर जाऊन भात लावला.

पण गाडीचं मी ठरवलंय. रमाकांतला सांगितलं, ही प्रितीची गाडी, तीच नेईल. पुष्करने तुला मिलच्या मागच्या रस्त्यावर शिकवलंय, लायसन्स तुझ्याकडे आहे. वायर आज मी वर ओढून घेतली. गुंडाळताना हात काळे झाले, साबणाने धुतले.

आता हे पत्र का, ते सांगते. परवा तुझ्या आईचा फोन आला. तुझ्या लॅबमधल्या शंतनूने तुला लग्नाचं विचारलं आणि तू नाही म्हणालीस. तो आवडत नाही म्हणून नाही, तर कांताआईंना काय वाटेल म्हणून. मग मलाच विचार ना, मला काय वाटेल ते! मला काही वाटत नाही गं सध्या, तेच तर माझं दुखणं आहे. तू हो म्हण. रविवारी गाडी न्यायला येशील तेव्हा त्यालाही आण, दोघं जेवून जा. आणि लग्नात मला पुढे बसव, तुझ्या आईच्या शेजारी. तुझ्या डोक्यावर अक्षता पडताना बघून मला रडू येईल असं वाटतंय. मला रडायचंय, प्रिती.

तुझीच,
लालबागची आई