खिशातला हात

तळमजला, ४ नोव्हेंबर

चि. प्रोफेसरास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

तू चौथ्या मजल्यावर, मी तळमजल्यावर, मध्ये नुसता जिना. तरी पत्र लिहितो आहे, कारण काल सभेत तूच म्हणालास की महत्त्वाचं सगळं लेखी असावं. घे लेखी. तुझी ताई हे घेऊन वर येते आहे, तिला आधी पाणी दे.

माझं शिलाईचं दुकान या इमारतीत राहू द्यावं की मशीनच्या खडखडाटापायी महिनाअखेर बंद करावं, एवढाच प्रश्न होता. माझंच दुकान म्हणून मला मत नाही. बाजूने जितके हात, विरोधात तितकेच. मग सगळ्यांनी माझ्या सख्ख्या मेहुण्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, पाहिलं. मेहुणा छताकडे पाहत होता. घसा साफ करून म्हणालास, नात्याचा प्रश्न असल्यामुळे मी तटस्थ राहतो. वा! शब्द कसा, कडक इस्त्रीचा. अध्यक्ष डॉक्टरांनी लगेच आपलं जादा मत विरोधात टाकलं आणि दुकान गेलं.

तुझा हात तेव्हा कोटाच्या खिशात होता. तो खिसा मीच शिवलाय. इतका खोल शिवायला नको होता.

असो. त्या शब्दाचा अर्थ तेवढा कळव. मी कात्रीवाला माणूस, शाळेशी माझं लवकरच बिनसलं.

लोभ आहे, हेही लेखी देतो.
तुझा,
भावजी


चौथा मजला, ५ नोव्हेंबर

ती. भावजींना,
शि. सा. न. वि. वि.

तट म्हणजे काठ. तटस्थ म्हणजे काठावर उभा असलेला. तो कुणाच्या विरोधात नसतो, हे कृपया ध्यानात घ्यावं. मी हात वर केला असता तर मेहुण्याने मेहुण्याची तळी उचलली, असं सगळ्या जिन्यात झालं असतं.

आता माझी एक शंका. मागे लिफ्टचा ठराव आला, तेव्हा तळमजल्यावाल्याला लिफ्ट कशाला, असं म्हणून आपण मशीनवरून उठलाही नाहीत. ठराव पडला. माझे गुडघे रोज चार मजले आपली आठवण काढतात. त्या दिवशीच्या आपल्या भूमिकेला काय म्हणावं?

शिवाय, खरं सांगायचं तर तो कोट काखेत धरतो. हात वर गेलाच नसता.

ताईने पाणीही घेतलं नाही. लोभ कमी झाला असल्यास तसं कळवावं.
आपला,
प्रोफेसर


तळमजला, ६ नोव्हेंबर

चि. प्रोफेसरास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

अर्थ कळला. काठावरचा माणूस कोरडा राहतो. बुडणाऱ्याला हात देत नाही, कारण उगाच पाण्याला वाईट वाटायला नको. भाषा फार सोयीची आहे रे तुमची.

लिफ्टच्या वेळी मी तटस्थ नव्हतो, गैरहजर होतो. फरक तुझ्या शब्दकोशात बघ. नसेल दिला तर कोश बदल.

बटणं लावणाऱ्या बाईंनी काल मान वर न करता विचारलं, मालक, दुसरीकडे काम बघू का? दोरा ओवत विचारलं, तो सुईत जाईना. मी म्हणालो, थांबा जरा. कशाच्या जोरावर म्हणालो, कुणास ठाऊक.

इकडे तुझ्या ताईने जाहीर केलंय की एकीकडे नवरा, दुसरीकडे भाऊ, तेव्हा मी तटस्थ. कालपासून आमचा गॅस तटस्थ आहे. तुझा डबा का आला नाही, ते आता कळलं असेल. बायको विरोधात असलेली परवडली, निदान भांडता भांडता वाढते तरी.

दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी सह्या गोळा करून रविवारी फेरसभा मागितली आहे. दुकान आणि लिफ्ट, दोन्ही विषय आहेत. कोट काखेत धरतो म्हणतोस? मग पाठव खाली. गिऱ्हाइकाची तक्रार आहे, ऐकलीच पाहिजे.

भुकेल्या पोटी लोभ असावा.
तुझा,
भावजी


तळमजला, शनिवार

चि. प्रोफेसरास,
आशीर्वाद, वि. वि.

सोबत कोट. काख उसवून आतून जास्तीचं कापड लावलंय. आता हात थेट छताला लागेल, जिथे मागच्या वेळी तुझे डोळे लागले होते. दोन्ही खिसे मात्र शिवून टाकलेत. हात ठेवायला आता एकच जागा उरते.

मी बंडी घालून येईन. तिला खिसे नाहीत. लिफ्टचा विषयही आहे ना.

लोभ कुठे ठेवायचा, ते तू बघ.
भावजी


चौथा मजला, रविवार

ती. भावजींना,
शि. सा. न. वि. वि.

सभेनंतर बटणवाल्या बाईंनी आपल्याला गाठलं, म्हणून बोलता आलं नाही.

डॉक्टरांनी मत विचारलं तेव्हा सवयीने हात खिशाकडे गेला, घसरला. पुन्हा गेला, पुन्हा घसरला. मग वर गेला. डॉक्टर म्हणाले, अहो, नात्याचं काय? मी म्हणालो, आहे ना, म्हणूनच. तेवढ्या एका हाताने दुकान राहिलं. हात खाली घ्यायचं मात्र मला सुचेना.

लिफ्टच्या ठरावाला आपले दोन्ही हात वर होते. चिटणिसांनी एकच मोजला, तरी पुरला.

आता खिसे उसवून द्यावेत. रुमाल हातात धरून फिरतो आहे.

लोभ वाढला असल्यास डबा पाठवावा.
आपला,
प्रोफेसर


तळमजला, लगेच

चि. प्रोफेसरास आशीर्वाद.

खिसे उसवणार नाही. लिफ्ट बसेपर्यंत सभा बऱ्याच व्हायच्यात. जेवायला खाली ये. ताईने बाजू घेतली आहे. कुणाची, ते ताटात कळेल.

भावजी