कोरडी फरशी

प्रिय ताई,

म्हणजे आता त्या गाडीनं तुझं काय घोडं मारलंय, ते मला कळत नाही. परवा पुन्हा फोनवर म्हणालीस, ‘गाडी तू पोसतोस की गाडी तुला?’ अगं, विलायती गाडी ती, दोनच सीटची, माझ्या दुप्पट वयाची. म्हाताऱ्या माणसाचा आज गुडघा धरतो, उद्या दात दुखतो, तसंच तिचं. दिवे लावले की हॉर्न गप्प, हॉर्न वाजला की वायपर रुसला. गॅरेजातली पोरं म्हणायची, ही चालते कमी, ढकलावी लागते जास्त. खोटं नव्हतं.

पण तू एकदा तिच्यात बसायला हवं होतंस. सीट इतकी खाली की हात बाहेर काढला तर रस्ता लागेल. टप मागे टाकला की वर नुसतं आभाळ, पुढे लांबलचक हिरवं बॉनेट, आणि लाकडी स्टिअरिंगमधून इंजिनाची थरथर कोपरापर्यंत यायची. सातवीतच शाळा सोडलेला मी, दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली उताणा. तिच्यात बसलो की सिग्नलला माणसं वळून बघायची. एरवी माझ्याकडे कोण वळून बघतंय?

तेल मात्र गळायचं. जिथं उभी केली तिथं डाग. बाबांनी जन्मभर बसची इंजिनं उघडली, त्यांचा मुलगा मी, हरतोय थोडाच. इंजिनाच्या सांध्यात तेल अडवणारं नवं गॅस्केट कापून बसवलं, आणि थोड्याच दिवसांत फरशी कोरडी खडखडीत. मी सगळ्यांना चहा पाजला. गॅरेजचा मालक चष्म्यावरून बघत म्हणाला, ‘पोरा, हिच्याखाली तेल दिसत नसेल तर आत उरलं नसेल. तेल मोजायची पट्टी ओढून बघ.’ मला वाटलं, म्हातारा जळतोय. तेलाचा काटा तर तिचा कधीचाच मेलेला.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. बाबांचं ऑपरेशन आहे, ते तुझी वाट बघतायत, ये. ताई, मालकानं लगेच सुट्टी दिली होती. बसनं निघालो असतो तर वेळेत पोचलो असतो. पण मला गाडीनंच यायचं होतं. पोरगं कशातून उतरतंय, ते बाबांनी खिडकीतून बघावं म्हणून. अर्ध्या वाटेत इंजिन जाम झालं. पट्टी ओढली, ती कोरडी. थोड्या वेळानं मागून आपल्या गावची बस आली. ड्रायव्हरनं थांबवून विचारलं, ‘येतोस का? जागा आहे.’ मी गाडीकडे बघितलं. रस्त्यावर सोडली तर कुणीतरी चाकं काढून नेईल, असं मनात आलं. मी नको म्हणालो. बस गेली. मग तिथूनच तुला फोन केला, मालक सुट्टी देत नाही म्हणून. तू मालकाला शिव्या घातल्यास. मी त्या ऐकून घेतल्या.

ऑपरेशनला आत नेईपर्यंत बाबा दाराकडे बघत होते, हे तूच सांगितलंस. आणि हॉस्पिटलात पैसे भरायला तू बांगड्या गहाण टाकल्यास, हे तू सांगितलं नाहीस, भाऊजींकडून कळलं. काल गाडी विकली, बंद इंजिनासकट. घेणाऱ्यानं विचारलं, भरवशाची आहे का. मी किल्ली त्याच्या हातात ठेवली. बाबांना यातलं किती सांगायचं ते तू ठरव, मला तोंड नाही. आधी बांगड्या सोडव. मग मला हव्या तेवढ्या शिव्या घाल, या वेळी मालकाला नको.

तुझाच,
धाकटा

गाडीचे आले तेवढे सगळे पाठवलेत. एक लाख बावीस हजार.