पेपरवरचं पहिलं नाव

१२ मे, सोमवार
मशीन पेणला पोचलं. दवाखान्याच्या वरची खोली मिळाली. डोक्यावर कॉइल धरायची, चुंबकाचा झटका द्यायचा, मेंदूकडून बोटाला किती जोराचा निरोप जातो ते मोजायचं. गणपतीचे डोळे आखणारे बारा कारागीर हवेत, ३० जूनपर्यंत. प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, फोनवर म्हणाले, "हे सगळं तुझंच काम आहे." म्हणजे पेपरवर पहिलं नाव माझं. पीएचडीच्या अर्जाला एक पेपर लागतोच. नुसता सबमिट केलेलाही चालतो. लेखी मागितलं नाही. बरं दिसत नाही.

१५ मे
मूर्तींच्या कारखान्यात मी अकरा मिनिटं बोलले. स्लाइड्स नऊ. मालक सुशीलशेठ म्हणाले, सीझनात डोकी द्यायला माणसं नाहीत. चंद्रावतीबाई तीस वर्षं डोळे आखतात. ब्रश न थांबवता म्हणाल्या, "माझं डोकं नवऱ्यानं खाल्लंय, उरलंय त्यात तू काय शोधनार गो? आनि हात हलला तर बाप्पा चकणा व्हायचा." सगळे हसले. झटक्याचा परिणाम क्षणभराचा असतो, हे पुन्हा सांगितलं. होकार: शून्य. मांडणी मात्र स्पष्ट झाली.

२९ मे
चंद्रावतीबाई पाच जणींना घेऊन खोलीवर आल्या. अट एकच: आधी माझं डोकं. टेक्निशियन प्रणितने कॉइल धरली. टक् झालं, माझा अंगठा उडाला. "व्हय गो, पोरगी जिती हाय!" खाली दवाखान्यात ऐकू जाईल एवढ्या हसल्या. नंतर सहाही जणींनी सह्या केल्या. स्लाइड्सचा परिणाम दिसायला दोन आठवडे लागतात, हे लक्षात ठेवायचं.

११ जून, एस.टी.त
सरांनी भाचा पाठवलाय, साईराज. मला मदतनीस हवा, हे त्यांनी न सांगता ओळखलं. दहा झटक्यांत पाच वेळा बोट उडेल ती ताकद शोधायची, एवढंच. त्याला तीन तासांत जमलं नाही. प्रणित म्हणाला, "मॅडम, हा कशाला आलाय ते कळतंय ना?" शिकायला, म्हटलं. साईराजला मशीनसोबत फोटो हवे होते. मी काढून दिले. फोकस चांगला आलाय.

२७ जून
बारा पूर्ण. तीन दिवस आधी. एकही रेकॉर्डिंग वाया नाही. चंद्रावतीबाईंनी विचारलं, तुला यातून काय? नाव, म्हटलं. "आमी शेकड्यानं डोळे उघडतो, बोर्डावर नाव शेठचं. तू कागद करून घेतलास का?" आमच्या क्षेत्रात तसं नसतं, हे समजावलं. त्या पदर खोचून जिना उतरल्या. पटलं असावं.

२४ सप्टेंबर
सरांकडून पेपरचा ड्राफ्ट आला. पहिलं नाव साईराज. एकूण सहा नावं. दोनदा वाचली, मग सर्च केलं. माझं नाव: शून्य वेळा. शेवटी "पेण येथील स्थानिक सहकार्याबद्दल आभार."
सरांना फोन केला, फक्त माहितीसाठी. म्हणाले, त्याचा परदेशाचा अर्ज अडलाय, तू समंजस आहेस. मी आवाज चढवला नाही. शेवटी थँक यू मीच म्हटलं. ड्राफ्टमध्ये चार चुका होत्या, त्या दुरुस्त करून पाठवल्या.

३० सप्टेंबर, दुपारी ३.४०
पीएचडी अर्जाचा शेवटचा दिवस, साइट पाचला बंद. "संशोधनपत्र" हा रकाना रिकामा सोडता येत नाही. "लागू नाही" लिहिलं. पुढचं पान उघडलं नाही. पुन्हा लिहिलं. साइटवर लोड असावा. पाचपर्यंत थांबते.