बंद दाराची अकरा गाणी

३ फेब्रुवारी २००३

अखेर अल्बमचं रेकॉर्डिंग सुरू! दहा गाणी, दहाही इंग्रजीत, दहाही एकाच दारावर. लहानपणी आई मला रोज रात्री खोलीत कोंडून बाहेरून कुलूप लावायची, त्यावर. इंग्रजीत का? आमचा निर्माता ब्रिझी म्हणतो, "जगासाठी!" आमचं जग अजून इटलीतल्या या येझी गावाच्या वेशीपुढे गेलेलं नाही. खरं कारण आई. तिला इंग्रजी येत नाही. कळलं तर तिच्याकडे बघायची माझी हिंमत होणार नाही.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आमच्या बँडचं न्यू मेटल संगीत म्हणजे संताप. आमचा संताप सकाळी दहाला सुरू होतो आणि साडेबाराला जेवणाची सुट्टी घेतो. जेवण घेऊन येते कोण? आईच, थरांच्या पास्त्याची तिची विंचिसग्रासी घेऊन! ड्रमर इवानो स्टेजवर थुंकतो, शिव्या देतो. इथे स्टुडिओत मात्र — "मावशी, विंचिसग्रासीचा अजून एक तुकडा? कडेचा, कुरकुरीत?"

माझ्या ढगळ पँटला तिने इस्त्री केलीय. कडक घडी! खिशातले गाण्यांचे कागदही सरळ करून टेबलावर ठेवलेत. संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तंबोला खेळायला गेली. दोन वर्षं दर मंगळवारी जाते, अजून साधी साबणवडी जिंकून आणलेली नाही. काय ते नशीब!

७ फेब्रुवारी

श्टुटगार्टहून बाबाचा फोन. वर्षाने आठवण झाली! "अल्बम मला अर्पण कर हं, रुजेरो." करणारच आहे. मी सात वर्षांचा असताना तो जर्मनीला गेला आणि त्याच महिन्यात आईचं कुलूपही थांबलं. छळाचासुद्धा कंटाळा आला असावा तिला.

१० फेब्रुवारी

रेकॉर्ड कंपनीचं फर्मान — एक गाणं इटालियनमध्ये हवंच. ब्रिझी म्हणाला, "दाराचंच लिही. दुसरं येतंय काय तुला?" वा, काय कौतुक!

गाणं उद्या संध्याकाळी उरकतो. मंगळवार आहे, आई तंबोल्याला असेल.

११ फेब्रुवारी

डोळे मिटून ओरडलो, "बाहेरून कुलूप लावणारी तूच!" डोळे उघडले तर काचेपलीकडे आई. हातात झाकलेली थाळी. आजच तंबोल्याला दांडी!

इवानोनेही थाळीला हात लावला नाही. ती एवढंच म्हणाली, "गार होतंय. खाऊन घ्या." आणि गेली.

फार वाईट वाटतंय. पण मी खोटं काय बोललो?

१२ फेब्रुवारी

सकाळी कॉफी ओतता ओतता आई म्हणाली, "बाकीची दहाही वाचलीत मी. मंगळवारी तंबोला नसतो रे, इंग्रजीचा वर्ग असतो. तू एवढं काय ओरडतोस ते कळायला नको?"

साखर पुढे सरकवली. "कुलूप तुला कोंडायला नव्हतं. तुझ्या बाबाला आत येता येऊ नये म्हणून होतं. किल्ली माझ्या गळ्यात असायची. आणि बाहेर, त्याच्यासोबत, मी असायची."