बाराशे वेढे

३ मार्च

चि. गुंडाळ्यास, अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागद खराब करतोय. दुकानात पंपाच्या मोटारींच्या तारा गुंडाळता गुंडाळता तू गिटारच्याही गुंडाळल्यास आणि ती पार बिघडवलिस. गिटारचा आवाज वाढवणाऱ्या अँपची नक्कल करणाऱ्या फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मी लोकांनी नावाजलेले अकरा प्रीसेट, म्हणजे आवाजाच्या तयार जुळण्या, उतरवून घेतले. कुठलाही लावला तरी तीच खरखर. खोलीमालक वर येऊन विचारून गेला, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का म्हणून. चोवीस तारखेला बँडसाठी निवडचाचणी आहे. नववीत शाळा सोडलेल्याच्या हाती गिटार राहू दिली, हीच माझी चूक. आता उपाय तूच सांग.

आईला नमस्कार. लोभ आहेच, वाढवायचा का, ते तुझ्या उत्तरावर.

दादा

७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

‘बिघडवलीस’मधला ‘ली’ दीर्घ असतो. आणि गिटार माझी आहे. मी दुकानात असताना तू ती खुंटीवरून काढून नेलीस.

तारांखालच्या, त्यांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपवर मी तांब्याच्या तारेचे बाराशे वेढे जास्त दिले आहेत, ते मोजून. त्यामुळे ती इतर गिटारींपेक्षा जोरात बोलते. प्रीसेट बनवणाऱ्यांनी ते आपापल्या मवाळ गिटारींवर बेतलेले असतात. म्हणून आधी अ‍ॅपमधलं इनपुट उतरव. कितीही जोरात छेडलं तरी दिवा लाल होता कामा नये. मग गेन आठवर असेल तो तीनवर आण. प्रीसेटमधलं पहिलं पेडल आवाज आणखी चढवतं, ते बंद कर. आणि हे सगळं जुन्या अँपात जोडलं असशील तर काढ. अँप अ‍ॅपमध्ये आहेच, वर दुसरा कशाला? साधा स्पीकर लाव.

आई बरी आहे. गिटार दुरुस्तीला दिली, असं मी तिला सांगितलं आहे. तुझ्यासाठी नाही, तिच्यासाठी.

लोभ उरला असेल तर असू द्यावा.

धाकटा

१२ मार्च

चि. गुंडाळ्यास, आशीर्वाद.

मास्तर, सगळं केलं. स्पीकर बदलला, पेडल बंद केलं, आवाज तीनवर आणला. खरखर तशीच आहे, फक्त लहान झाली. नववीपर्यंतच्या विद्येत एवढंच बसत असणार.

लोभाचं नंतर बघू.

दादा

१४ मार्च

ती. दादास, सा. न.

मी ‘गेन’ लिहिलं होतं, तू ‘आवाज’ वाचलंस. ओरडणाऱ्याला दाराबाहेर उभं केलं तर आवाज लहान होतो, त्याचं ओरडणं थांबत नाही. आवाजाचं बटण म्हणजे दार. गेन म्हणजे त्याचा गळा. गळा आवर. इनपुटचं तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणजे तेही केलेलं नाहीस. पदवीधर माणसानं पत्र शेवटपर्यंत वाचावं.

कळावे.

धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास,

गेन तीनवर आणला, इनपुटही उतरवलं. खरखर गेली. सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात. त्याच दिवशी वाजवून बँडच्या म्होरक्याला पाठवलं. तो म्हणाला, आवाज स्वच्छ आहे, वाजवणारा कच्चा. दुसऱ्या ओळीत बोट घसरतं ते खरखरीखाली झाकलं जायचं; आता खोलीमालकालाही कळतं. तरी चोवीसला समोर वाजवायला बोलावलंय, कारण चाल त्याला आवडली. कोणाची म्हणून विचारलं. मी चोवीसची वेळ विचारून घेतली.

तुझी चाल मी भिंतीपलीकडून ऐकून उचलली होती. दुसऱ्या ओळीत कुठलं बोट कुठे ठेवतोस, ते तेवढं सविस्तर लिही.

लोभ असावा.

दादा

२१ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

बोट कुठलं, ते मी लिहिणार नाही. तेवीसला सकाळी पोचतो. आईला खरं सांगितलं. ती तुझ्यावर रागावली आहे, आणि खोटं बोललो म्हणून माझ्यावर जास्त.

चोवीसला मी वाजवीन. तू शेजारी उभा राहा आणि चाल कोणाची, ते तुझ्या तोंडानं सांग. नंतर त्यांना कोण हवा, ते ते ठरवतील.

मी येईपर्यंत गिटारला हात लावू नकोस. तुझ्या खोलीत खुंटी नसेल तर एक ठोकून घे आणि गिटार तिच्यावर टांगून ठेव. मी माझ्या हातानं काढीन.

लोभाचं समोरासमोर.

धाकटा