मुकं नाणं

३ नोव्हेंबर
चुका झाल्या तर माफ करा. आठवीत शाळा सोडली, आणि एका बोटानं टाईप करते म्हणून वेळ लागतो. मी सुहाना, येवल्याची. आजपासून नाशिकला भारतकाकांकडे कामाला. गंगापूर रोडला केवढा बंगला! काका जुनी ग्रीक नाणी जमवतात. चांदीची. मी ती मऊ ब्रशनं पुसायची, वजन लिहायचं. बोलायचं काम नाय, म्हणून लय आवडलं. अथेन्सच्या नाण्यावर एका बाजूला देवी, दुसऱ्या बाजूला घुबड. घुबड माझ्यासारखंच, नुसतं बघतं. स्वयंपाकाच्या लंकाबाई म्हणाल्या, मूग गिळलेस का गं पोरी?

७ नोव्हेंबर
काकांनी पारख शिकवली. नाणं फरशीवर टाकायचं. चांदी असली तर खणखणतं, आत तांबं असलं तर बद्द वाजतं. चोवीसशे वर्षांपूर्वी अथेन्सच्या बाजारात एक गुलाम नाणी पारखत बसायचा. खोटं निघालं की तिथंच कापायचा. पण जमिनीत राहून खरी चांदी पण कधी मुकी होते म्हणे. मग? काका म्हणाले, छिन्नी मारूनच बघायचं.
लंकाबाईंच्या गालावर सरळ व्रण आहे. विळी लागली म्हणतात.

११ नोव्हेंबर
काकांनी माझ्या बोटावर हातोडी मारली. मुद्दाम. नख फुटलं, नाण्यांवर रक्त. मी ओरडले नाय. घाबरले की लहानपणापासून माझा आवाज अडकतो. काका कान लावून बसलेले. मग हळूच म्हणाले, बद्द.

१२ नोव्हेंबर
लंकाबाईंनी हळद भरली. रडत म्हणाल्या, अगं बये, ओरडायचं ना! मी गाव गोळा होईल एवढी बोंबलले, म्हणून छिन्नी गालावरच थांबली. आधीची तेजल तुझ्यासारखीच मुकी होती. ती कुठंय विचारलं. त्या नुसत्या पेरूच्या झाडाखाली बघत राहिल्या.

१३ नोव्हेंबर, सकाळ
गेटला कुलूप. भाईजानला दहा मेसेज केले, घ्यायला ये. बघतच नाय. आयशा आपा बाळंतपणाला दवाखान्यात, सगळे तिथंच. पोलिसांना फोन लावला. समोरून हॅलो हॅलो. माझा शब्द निघेना. ठेवला त्यांनी.
काका छिन्नीला धार लावतायत.

दुपार
बाथरूममधे आहे. कडी लावली. लंकाबाई मधे पडल्या — काकांनी त्यांच्या मानेत छिन्नी मारली — ओरडल्या त्या, लय वेळ — काका म्हणाले, चोख होती बिचारी —

ओरडून बघते. नुसती हवा येते.

दार फुटतंय. फळीतून टोक — ओरड ना सुहाना —

भाईजानचा मेसेज आला. आपाला मुलगी झाली. सगळा दवाखाना दणाणतोय म्हणे, इतकी मोठ्यानं रड