बाबांची लेन्स आणि आईचा फोटो

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार (पाठ धरली आहे, त्यामुळे दिवसभर वाकलेलाच असतो). तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? तुम्हा दोघांचा मोबाइलवरचा फोटो मिळाला. पुठ्ठ्यातून कापून काढल्यासारखे दिसता, पण दोष तुमचा नाही, यंत्राचा.

रविवारी आईकडे जे झालं ते तू पाहिलंस, पण समजलं काहीच नसणार, म्हणून सविस्तर लिहितो. बाबांची लेन्स 'भंगारात देऊन टाक' म्हणून तूच माझ्याकडे पाठवलीस. भंगार म्हणे. बाबांनी जिला आपल्याला कधी बोट लावू दिलं नाही, ती लेन्स. मी तिच्यासाठी डिजिटल रेंजफाइंडर कॅमेरा घेतला. यात डोळा लावला की मधोमध एक चौकोन दिसतो, त्यात माणसाच्या दोन प्रतिमा असतात आणि लेन्स फिरवून त्या एकावर एक बसवल्या की फोकस झाला. बाबांची लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्याची, म्हणून मध्ये अडॅप्टरचं कडं घालावं लागतं. दुकानदार म्हणाला, कड्याने लेन्स बसेल, पण चौकोनाला तिचा पत्ता लागणार नाही, मागच्या पडद्यावर बघून फोकस करा. असल्या माणसांच्या हाती हल्ली कॅमेऱ्यांची दुकानं आहेत. बाबांना कुठे होता पडदा? ते टेपने अंतर मोजायचे, लेन्सवर तो आकडा लावायचे आणि बटण दाबायचे. मी घरी येऊन पडद्यावर काळी चिकटपट्टी मारली.

आता आईचं. ती फोटोला बसत नाही हे तुला माहीत आहे. तिचा एकही धड फोटो घरात नाही (ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती हरवलेल्या व्यक्तीसारखी दिसते). पंचाहत्तरी उलटली तिची. भिंतीवर बाबांशेजारी तिचा एक फोटो असावा, एवढंच मला हवं होतं, आणि ते न होताच राहून जाईल या विचाराने मला झोप लागत नव्हती. बाबांच्या लेन्सने काढतो म्हटल्यावर तिने लेन्स हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि हो म्हणाली. एकदाच बसेन, पुन्हा नाव काढायचं नाही, असंही बजावलं.

म्हणून सगळ्यांना मोबाइल खिशात घालायला सांगितलं. तू नाक मुरडलंस ते दिसलं. वहिनींनी दाराआडून चोरून एक काढलाच, तेही दिसलं, आणि त्यावर मी जे बोललो त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. आईच्या नाकापासून लेन्सपर्यंत बरोबर सहा फूट भरले (टेपचं टोक तू धरलं होतंस, तेही वाकडं). आकडा सहावर आणला, लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलं (म्हणजे लावलेल्या अंतरावरचं तेवढं स्वच्छ येतं, बाकी पुसट) आणि छत्तीस फोटो काढले, कारण बाबांच्या रोलमध्ये छत्तीसच असायचे. आई हसत होती. बाबा गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

असो. कलेतलं तुला याहून जास्त सांगून उपयोग नाही. गुडघ्याला शेक देत जा.

तुझा धाकटा

ता. क. लेन्सवर आकड्यांच्या दोन रांगा आहेत, पिवळी फुटांची आणि पांढरी मीटरची. मी पांढरी वाचली. सहा मीटरवर आपली मागची भिंत येते. छत्तीसच्या छत्तीस फोटोंत भिंतीवरचे बाबा खणखणीत आले आहेत, फ्रेमवरची धूळसुद्धा मोजून घ्यावी. त्यांच्यापुढे आईच्या आकाराचं धुकं आहे. वहिनींनी काढलेला तो फोटो ताबडतोब पाठव. कशाला हवाय ते त्यांना सांगू नकोस.

दुसरा ता. क. आईला फोटो दाखवावेच लागले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली आणि ट्रंकेच्या तळातून एक पाकीट काढून माझ्यापुढे ठेवलं. बाबांनी काढलेले तिचे फोटो. सगळ्यांत मागचं झाड स्वच्छ आणि पुढे आई पुसट. म्हणून तिने फोटोला बसणं सोडलं होतं. मग या वेळी हो का म्हणालीस, असं विचारलं. तर म्हणाली, दोष लेन्सचा होता की ह्यांचा, एवढं एकदा बघायचं होतं. आता तिचं मत असं पडलंय की लेन्स उत्तम आहे, दोष घराण्यात आहे. तेव्हा फोटो पाठवताना तू हात लावू नकोस, वहिनींनाच पाठवू दे.